मुतारीच्या दाराजवळचं स्टूल

माझा नवरा झिग सलग दोन उन्हाळे शहरातल्या पोलिश लोकांच्या क्लबात मुतारीच्या दाराजवळच्या स्टुलावर बसला. तिसरा उन्हाळा तिथे काढायला लागू नये म्हणून तो काय वाटेल ते करायला तयार होता, आणि त्याने ते केलंही.

स्टुलाचं प्रकरण असं. आमचा बेसबॉलचा संघ स्टोकर्स, आणि त्याचा मालक एक नंबरचा चिकट. दर हिवाळ्यात इतर शहरांचे संघ तरणेबांड, नावाजलेले खेळाडू उचलून नेतात. आमचा मालक बाजार उठायच्या वेळी पिशवी घेऊन निघतो. मग जे उरलेले असतात ते येतात आमच्याकडे. सदतीस-अडतीस वर्षांचे, कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा खांदा. करारही कच्चाच. फेब्रुवारीत फ्लोरिडाला सरावाच्या छावणीत या, जमलं तर एप्रिलपासून संघात, नाही जमलं तर आपल्या घरी जा. पेपरात ही नावं आतल्या पानावर टायरच्या जाहिरातीखाली छापून येतात, आणि ती आली की क्लबातल्या मंडळींना नुसता ऊत येतो.

कारण प्रत्येक म्हाताऱ्या खेळाडूला क्लबातला एक पालक असतो. नावं टोपीत टाकायची, ज्याच्या हाताला जे लागेल तो खेळाडू त्याचा. हिवाळाभर पालकाने त्याची बाजू घेऊन भांडायचं. खेळाडू पहिल्या सामन्यापर्यंत टिकला तर पालकाची कॉलर ताठ. संघाने त्याला त्याआधीच हाकलला तर पालकाने उन्हाळाभर त्या स्टुलावर बसायचं. मुतारीचं दार बाहेर उघडतं आणि दर वेळी बसणाऱ्याच्या गुडघ्यावर आपटतं. येणारा-जाणारा म्हणतो, "दरवान, दार धर." माशाची थाळी तिथवर पोचेपर्यंत गार होते. मी शुक्रवारी क्लबाच्या स्वयंपाकघरात असते, थाळ्या मीच भरते, तरी माझ्या नवऱ्याला गरम मासा देता येत नव्हता. स्टुलावाल्याला सगळ्यात शेवटी वाढायचं, असा नियमच होता.

झिगचं एक आहे. टोपीतून जो हाताला लागेल त्याच्या तो प्रेमातच पडतो. पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवली तेव्हा माझ्या वाढदिवसाची त्याला आठवण राहिली नाही, पण कुठल्या पडेल खेळाडूने कुठल्या साली किती बाद केले ते तोंडपाठ. त्या हिवाळ्यात त्याच्या हाताला लागला वेड लॅसिटर. टेनेसीचा, डावखुरा पिचर, म्हणजे आमचा चेंडू टाकणारा. वय सदतीस.

"लॅसिटर?" ऑगी पाव्हलिक टाळी वाजवून हसला. ऑगीचं खाटकाचं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली करून तो आता दिवसभर क्लबात लोकांना सोलत बसायचा. "झिग, लेका, ते स्टूल पुसून ठेव. तुझ्या ढुंगणाचा खड्डा अजून भरला नसेल त्याच्यावर."

"डावखुरा आहे तो. डावखुरे उशिरा पिकतात."

"पिकत नाहीत, सडतात. जन्मभर मांस विकलंय मी. मला वास येतो."

"दोन वर्षांमागे त्याने सलग—"

"दोन वर्षांमागे माझी सासूपण जिवंत होती!"

सगळं टेबल खिदळलं. मर्ल तेवढा हसला नाही. मर्ल निवृत्त पोस्टमन, क्लबाच्या नियमांचा राखणदार, आणि नियम म्हटले की त्याचा चेहरा चर्चमधल्यासारखा होतो. "मुद्द्याचं बोला," तो म्हणाला. "मालकाने याला स्वस्तात घेतला हे बरं केलं की वाईट?"

"बरंच केलं," झिग म्हणाला. "एवढ्या पैशात एखाद्या तरण्याचा एक बूट येत नाही. आठवड्यातून तीनदा आणायचा, एकेक डावखुरा फलंदाज बाद करून घ्यायचा, झालं. वसूल!"

"शिळं मटण कुणी फुकट दिलं तरी मी घरी नेत नाही," ऑगी म्हणाला. "त्याचा चेंडू पोचेपर्यंत फलंदाज सँडविच खाऊन हात धुऊन येईल. मी सांगतो, ताशी पंच्याऐंशी मैलांच्या वर त्याचा चेंडू गेला तर मी स्वतः तुझ्या जागी स्टुलावर बसेन."

"बोललास हं! मर्ल, ऐकलंस?"

"ऐकलं," मर्ल म्हणाला.

तेव्हापासून रोज हेच. झिग घरी यायचा तो तोंड एवढंसं करून. जेवताना एकदम काटा खाली ठेवून म्हणायचा, "बर्नी, सगळे त्याच्या विरुद्ध आहेत गं." कुणाच्या? ज्या माणसाला तू जन्मात कधी भेटला नाहीस त्याच्या? पण मी बोलत नव्हते. बोलले असते तर अर्धा तास लॅसिटरचं कौतुक ऐकावं लागलं असतं.

जानेवारीत संघाची गाडी गावोगाव, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत फिरते. खेळाडूंनी यायचं, सह्या द्यायच्या, पोरांशी हात मिळवायचे, म्हणजे लोक उन्हाळ्याची तिकिटं घेतात. मोठे खेळाडू या थंडीत आमच्या सरोवराकाठी फिरकत नाहीत. ज्याला नाही म्हणायची सोय नसते त्याला पाठवतात. त्या वर्षी शनिवारी दुपारी आमच्या क्लबाच्या हॉलमध्ये पाठवला लॅसिटरला.

उंच, खांदे थोडे पडलेले, कोट उन्हाळ्यातला. मी त्याच्या पुढ्यात पिरोगी, म्हणजे आमच्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, ठेवले तर उभा राहून म्हणाला, "थँक यू, मॅम." आमच्याकडे पिरोगी दिले म्हणून कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर संघाचा एक टायवाला माणूस होता. गाडीची बॅटरी थंडीने बसली म्हणून तो बाहेर पडला आणि बराच वेळ आत आलाच नाही.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. माइक ऑगीच्या हातात गेला.

"मिस्टर लॅसिटर, तुम्ही अजून खेळताय हे तुमच्या बायकोला माहीत आहे का?"

हॉल हसला. लॅसिटरही हसला. "हो सर. बॅग तीच भरते."

"आमच्या मालकाने घेताना दात बघितले का तुमचे?"

"नाही सर. कोपर बघितलं."

यावर ऑगीच्या प्रश्नापेक्षा मोठा हशा पिकला, आणि ऑगीला ते आवडलं नाही. कुठल्याशा पोराने विचारलं, आता सराव कसा करता. तेव्हा लॅसिटर मनापासून बोलला. गावात तंबाखूचं कोठार आहे, तिथे जुनी गादी टांगून तो रोज चेंडू टाकतो. पण हलक्या हाताने. मागच्या वर्षी कोपराने फार छळलं, आता बरं आहे, पण हात हिवाळाभर झोपलेला असतो, त्याला आठवडेच्या आठवडे घेऊन सावकाश उठवावं लागतं. मार्चच्या आधी पूर्ण जोर लावायचा नाही, करारातच लिहिलंय तसं.

"खरं सांगायचं तर बाकी कुठल्या संघाने माझा फोनच उचलला नाही," तो म्हणाला. "तुमच्या संघाने उचलला. हे नाही जमलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही. म्हणून मी जपून आहे."

इतकं सरळ कुणी बोललं की आमच्या लोकांना कसंतरीच होतं. कुणीतरी खोकलं. ऑगी माइकमध्ये म्हणाला, "जपा हो. अंड्यासारखं जपा," आणि सगळे पुन्हा हसले.

हॉलच्या कोपऱ्यात पोरांसाठी जाळी टांगली होती. चर्चच्या छपरासाठी डॉलर टाकायचा आणि तीन चेंडू फेकायचे. वेग मोजायला माझ्या भावाने, स्टॅशने, त्याची रडार-बंदूक आणली होती. तो वाहतूक पोलीस, हायवेवर गाड्या पकडतो तीच बंदूक. पोरं फेकत होती आणि स्टॅश आकडे ओरडत होता.

झिग तिथला एक चेंडू उचलून लॅसिटरकडे गेला. मी पिरोग्यांची परात घेऊन त्याच्या मागेच होते.

"एकच," झिग म्हणाला.

"नाही सर. परवानगी नाही."

"तुमचा माणूस बाहेर आहे. एक चेंडू, बस्स."

"हात थंड आहे, सर."

ऑगी लांबून ओरडला, "नको रे त्याला त्रास देऊस! खांदा गळून माझ्या सूपमध्ये पडेल!"

पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. एक! एक! एक! मग बायकांनी, मग म्हाताऱ्यांनी. पाद्रीसुद्धा टाळ्या वाजवत होता. "झिग, सोड त्याला," मी म्हणाले. त्याने ऐकलं नाही. तो लॅसिटरच्या अगदी जवळ गेला आणि खालच्या आवाजात बोलला. मी ऐकलं, कारण मला त्याचा आवाज शंभर माणसांतही ऐकू येतो.

"मी तुमचा पालक आहे इथे. हिवाळाभर तुमच्यापायी शिव्या खाल्ल्या मी. या सबंध शहरात तुमच्या बाजूने बोलणारा एक मी आहे. मला तोंडघशी पाडू नका."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं. हेच मला त्याला माफ करू देत नाही. ऑगीच्या टोमण्यांना तो माणूस हसून पुरून उरला होता. झिगच्या प्रेमापुढे मात्र त्याचं काही चाललं नाही. त्याने कोट काढून खुर्चीवर ठेवला, दोन-तीनदा हात फिरवला आणि चेंडू घेतला.

साध्या चामडी बुटांवर, फरशीवर उभं राहून त्याने तो फेकला. जाळीमागच्या भिंतीला धाडकन आवाज झाला.

"नव्वद!" स्टॅश किंचाळला. "नव्वद, आईशपथ!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. झिगने टोपी वर फेकली, मर्लला मिठी मारली, स्टॅशला मिठी मारली. ऑगी बंदूक हिसकावून बघू लागला. "यंत्र बिघडलंय! मेव्हण्याचं यंत्र! हे चालणार नाही!" मग ते सगळे त्या बंदुकीभोवती जमले आणि भांडायला लागले. लॅसिटरकडे कुणी पाहिलं नाही. तो डावा हात पोटाशी धरून उभा होता. कोट त्याने उजव्या हाताने उचलला आणि माझ्यामागे स्वयंपाकघरात आला.

"मॅम, थोडा बर्फ मिळेल का?"

बर्फ बाहेर दारूच्या काउंटरवर असतो, सगळ्यांच्या समोर. मी फ्रीजरमधून गोठलेल्या पिरोग्यांची पिशवी काढली. त्याने बाही वर केली. कोपर आताच एवढं सुजलं होतं की बाही नीट वर जाईना.

"काहीतरी तुटलं," तो म्हणाला. "मला आवाज आला."

"मी त्या टायवाल्याला बोलावते."

"नको. हे असं फेकलं म्हणून कळलं तर आत्ताच करार मोडतील. छावणीला अजून वेळ आहे. तोवर जागेवर बसेल." माझ्याकडे बघून त्याने पुन्हा म्हटलं, "बसेल, मॅम. नुसतं कुणाला सांगू नका. सांगणार नाही ना?"

मी कबूल केलं. बसणार नव्हतं ते मलाही दिसत होतं आणि त्यालाही. माझ्या हातात तवा होता. त्या क्षणी झिग आत आला असता तर मी तो त्याच्या डोक्यात घातला असता. पण झिग बाहेर विजयाची बिअर पीत होता.

लॅसिटरला बटणं लावता येईनात, मी कोटाची बटणं लावून दिली. मग तो बाहेर गेला, कारण पोरं सह्यांसाठी रांगेत उभी होती. त्याने सगळ्यांना सह्या दिल्या, उजव्या हाताने, वेड्यावाकड्या. शेवटी झिगच्या चेंडूवरही सही केली, त्या नव्वदवाल्या. झिगने तो चेंडू काउंटरमागच्या फळीवर मांडला. घरी जाताना तो गाडीत गात होता.

फेब्रुवारीत पेपरात आलं. छावणीतल्या पहिल्याच तपासणीत लॅसिटरचं कोपर निकामी आढळलं, शस्त्रक्रिया लागेल, करार रद्द. जुनं दुखणं खेळाडूने लपवलं असावं, असं संघाचं म्हणणं. लॅसिटरने काहीही सांगायला नकार दिला. सदतीसाव्या वर्षी कोपर कापून घेतलेल्या पिचरला कुणी बोलावत नाही हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मी पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर झिगशी बोलले नाही. त्याला वाटलं मी त्याच्या दुःखात सामील आहे.

एप्रिलमध्ये स्टोकर्सचा पहिला सामना झाला आणि झिग स्टुलावर गेला. तिसऱ्यांदा. ऑगीने नव्वदचा आकडा मान्य केलाच नाही. "अरे, हात आधीच मोडलेला होता म्हणतोय पेपर," तो म्हणाला. "मोडक्या हाताने कुणी नव्वद टाकतं का? यंत्र बिघडलेलं होतं." मर्लने मान डोलावली. मंडळींनी स्टुलाला रिबीन बांधली होती. जो तो उगाचच मुतारीत जात होता, दार जोरात ढकलत होता आणि म्हणत होता, "अरेरे, लागलं का, दरवान?"

हे आठवडाभर चाललं. शुक्रवारी मी माशाच्या थाळ्या वाटत होते. झिग गुडघा चोळत बसला होता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता.

"चोर साला. तोंडावर गोड हसला, आपले पिरोगी खाल्ले, आणि दुखणं लपवून बसला. मी त्याच्यासाठी रडलो, मर्ल! आणि सही बघ त्याची, सही! नाव नीट लिहायलासुद्धा जिवावर आलं होतं त्याच्या. माजोरडा. असल्या माणसाला—"

माझ्या हातातली परात मी काउंटरवर आदळली. फळीवरचा तो चेंडू घेतला आणि झिगच्या मांडीवर टाकला.

"उजव्या हाताने लिहिलीय ती," मी म्हणाले. "डावखुरा होता ना तुझा? मग उजव्याने का लिहिली? कारण डावा तू मोडलास. त्या जाळीपुढे, त्या एका चेंडूने. आत माझ्याकडे आला होता तो, कोपर एवढं सुजलेलं. तोवर धड होता त्याचा हात. तुझ्या रडण्यामुळे फेकलं त्याने. आणि तुम्ही सगळे टाळ्या पिटत होतात. दुखणं लपवलं ते तुमच्या इथलं लपवलं त्याने, आधीचं नाही. कोटाची बटणं मी लावली त्याच्या."

मुतारीतून कुणीतरी बाहेर येत होतं, तेही दार अर्धवट धरून उभं राहिलं. झिगने चेंडू फिरवून सही पाहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं, आता कळलं. खरं सांगते, मला त्याची दयासुद्धा आली.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "आला तेव्हा हात धड होता."

"हो."

"मग नव्वद खरे होते."

झिग उठला. त्याचा आवाज चढत गेला. "ऑगी, नव्वद खरे होते! धडधाकट होता माझा माणूस! यंत्र बिघडलं नव्हतं! मी म्हणत नव्हतो? डावखुरे उशिरा पिकतात!"

"थांब, थांब," ऑगी म्हणाला. "टिकला नाही ना पण? पहिल्या सामन्याला नव्हता. नियम म्हणजे नियम."

"संघाने चूक केली नाही, खेळाडूने केली नाही. पालकाकडूनच मोडला तर? मर्ल, बोल!"

मर्लने डोळे मिटून विचार केला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. "क्लबाच्या आवारात सदस्याकडून इजा झाली," तो शेवटी म्हणाला, "तर खेळाडू पडला असं धरता येणार नाही. आणि ऑगी, पंच्याऐंशीचं तू बोलला होतास. मी ऐकलं होतं."

"हे बरंय!" ऑगी ओरडला. "गारठलेल्या हॉलमधला आकडा धरायचा का? मैदानावर कुठे टाकला त्याने?"

"गारठ्यात नव्वद, म्हणजे उन्हाळ्यात ब्याण्णव!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

"त्या माणसाला कुणी फोन तरी करणार आहे का?" मी विचारलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या स्टॅशने तेवढं ऐकलं. तो म्हणाला, "आता कशाला गं," आणि हात वर केला, कारण मर्लने मतं मागितली होती. सगळ्यांचे हात वर होते. ऑगी शिव्या देत उठला, त्याच्या पाठीवर थापा पडल्या, रिबीन त्याच्या गळ्यात घातली गेली आणि त्याला स्टुलावर नेऊन बसवलं. दार पहिल्यांदा त्याच्या गुडघ्यावर आपटलं तेव्हा झाला तेवढा हशा मी त्या क्लबात कधी ऐकला नाही.

झिगने आपली जुनी खुर्ची ओढली, टीव्हीखालची. बसला. सहीचा चेंडू टेबलावर मधोमध ठेवला. मग माझ्याकडे वळला, आणि तो खरोखर रागावलेला होता.

"हे आधी बोलायला काय झालं होतं तुला? फुकट आठवडाभर तिथे बसलो मी."